मागांच्या सुट्टीचा वार

"फ्लॅट दाखवताना माझ्यासंगं तिलाच पाठवा की साहेब. ती काय बोलत न्हाय."

सुपरवायझर हे म्हणाला तेव्हा मी पार्टिशनच्या अलीकडे माझ्या टेबलाशी बसले होते. मी आहे हे त्याला माहीत होतं, तरी त्याने आवाज कमी केला नाही. न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नसावं, असं लोकांना वाटतं बहुतेक. आमचे बिल्डर सर हसले. "खरंय. आणि शेजारी उभी राहिली की गिऱ्हाइकाला बरं वाटतं, शिकलेली दिसते."

अक्कलकोट रोडला आमच्या ऑफिसचं एक अपार्टमेंट उभं राहत होतं. त्याच्या मागच्या भिंतीला लागून टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांची लांबलचक पत्र्याची शेड. आवाज मोजायचं काम माझं होतं. एका कामाच्या दिवशी मी मीटर घेऊन मागच्या बाजूच्या प्रत्येक बेडरूममध्ये उभी राहिले. मीटरवर आकडा दिसतो. ती खडखड दाढेच्या मुळाशी जाणवते, ते कुठे लिहायचं मला कळेना. वरच्या मजल्यांवर ती जास्तच होती, कारण तिथून शेडचा पत्रा सरळ समोर येतो, मध्ये काही आडवं नाही.

मोजणीच्या आधी, नकाशा कागदावर असतानाच, मी सरांना सुचवलं होतं. बेडरूम पुढे घ्या. जिना, बाथरूम, स्वयंपाकघर मागे टाका, म्हणजे आवाज तिथेच अडेल. ते जमत नसेल तर मागच्या खिडक्यांना दोन काचा, मध्ये मोकळी जागा, आणि फटींना रबर. कंपाउंडची भिंत वाढवून फायदा फक्त तळमजल्याला होईल.

सरांनी ते चहा पिता पिता ऐकलं. "मास्टर बेडरूम नैऋत्येलाच पाहिजे," ते म्हणाले. "लोक आल्या आल्या मोबाइलवर होकायंत्र काढतात. आवाज कोण मोजतं?"

शेड नेमकी नैऋत्येला होती. मी "ओके सर" म्हणाले. शाळेत आम्हाला इंग्रजीत नम्रपणे बोलायला शिकवलं होतं आणि घरी मराठीत उलट न बोलायला. दोन्हीकडून माझ्या वाट्याला गप्प बसणंच आलं.

पुढे दोन काचांच्या खिडक्याही गेल्या, साध्या सरकत्या आल्या. मग एका शुक्रवारी सरांनी मीटर सुपरवायझरच्या हाती देऊन पुन्हा मोजून घेतलं. त्या पट्ट्यातले माग शुक्रवारी बंद असतात. आकडा छान आला. तो खोटा नव्हता, शुक्रवारचा होता. माहितीपत्रकावर 'शांत परिसर' छापलं गेलं आणि मागच्या बाजूचे फ्लॅट दाखवायचा वार ठरला शुक्रवार. सोलापूरचा माणूस हे लगेच ओळखतो. म्हणून त्या फ्लॅटसाठी गिऱ्हाइकं बाहेरगावची बघितली जात.

अशाच एका शुक्रवारी एक नर्स आली, सासूला घेऊन. मूळच्या वैरागच्या, सोलापुरात नुकत्याच आलेल्या. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या, सुनेच्या मोबाइलवर दिशा बघितली आणि बेडरूमच्या कोपऱ्यात समाधानाने उभ्या राहिल्या. "व्हय की. नैऋत्यच हाय."

सुनेने खिडकी उघडली. बाहेर वाकून तिने कानोसा घेतला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मला सारखी नाइट ड्युटी असते. सकाळी येऊन झोपायचं. आत्ता राहतो तिथं खाली वेल्डिंगचं दुकान आहे. परवा वॉर्डात एका पेशंटची सलाइन दुसऱ्याला लावणार होते मी. शेजारच्या सिस्टरनं हात धरला." खिडकीची चौकट तिने घट्ट पकडली होती. "म्हणून गावाकडचा प्लॉट मोडतोय. एक शांत खोली पाहिजे, बाकी काही नको."

"ऐका की ताई," सुपरवायझर म्हणाला. "कावळासुदीक वरडत न्हाय हितं."

"कावळा न्हाय?" सासूबाई म्हणाल्या. "मग पितराला काय करायचं?"

तो मोकळेपणाने हसला. सूनही हसली, आणि तिचा चेहरा एकदम माझ्या वयाचा झाला. टोकनचं आजच उरकू, असं तो सासूबाईंना सांगू लागला. सासूबाई पिशवी चाचपू लागल्या.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही इंजिनियर ना? दिवसा रोज असंच असतं का इथं?"

मी सुपरवायझरकडे पाहिलं. तो घाबरेल असं मला वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. उलट माझी अडचण दूर करावी तसा तो पुढे आला. "म्याडम इंग्लिश मीडियमच्या हायत, ताई. मराठी बोलायला लाजत्यात. मी सांगतो की. असंच असतंय."

तिने मान हलवली, पण नजर माझ्यावरच ठेवली. रात्री जागून लाल झालेले डोळे. पेशंटकडे बघताना असंच बघत असेल, दुखतंय का ते तोंडून निघेपर्यंत. नोकरी जाईल हे कळत होतं. आणि ही नोकरी मी घरी भांडून मिळवली होती.

"नाही," मी म्हणाले. "आज शुक्रवार आहे. मागच्या शेडमध्ये यंत्रमाग आहेत, आज त्यांची सुट्टी असते. पैसे देऊ नका. उद्या दुपारी या, ही खिडकी बंद करा आणि तुमची झोप इथं लागेल का ते स्वतः ऐका."