किट तिथे तीट

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, बॉक्स डॅमेज्ड आहे. कोपऱ्यात ब्लॅक डॉट आहे. रिटर्न करू?" नका करू. तो डाग नाही, ती तीट आहे. तुमच्या बाबाच्या बारशाच्या फोटोत त्याच्या गालावर आहे ना, तशीच; दृष्ट लागू नये म्हणून लावलेली. ती कोणी लावली, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, म्हणून लिहिते आहे.

इथे ॲन आर्बरमध्ये त्यांना सगळे किटमावशी म्हणत. लहान मुलांच्या हस्तकलेची जुनी किटं त्या जमवत: भरतकामाची, मण्यांची, आकडे पाहून रंग भरायची, लाकडी विमानांची. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ही खोकी त्यांना गराज सेलमध्ये, लोक घरातलं जुनं सामान विकायला मांडतात तिथे, सापडत. इतर संग्राहक खोक्याचं सील जिवापाड जपतात. मावशी घरी येताच ते फोडत, आतली वस्तू करायला घेत आणि झाकणाच्या कोपऱ्यावर काजळाचं बोट टेकवत. "किट तिथे तीट!"

त्याला कारण होतं. त्या आठ वर्षांच्या असताना नागपूरला आत्याने त्यांना भरतकामाचं किट आणलं होतं. कापडावर छापलेला पोपट, सुई आणि रंगीत दोरे. "चांगलं आहे, खराब होईल," म्हणून आईने ते कपाटात ठेवलं आणि पुढे कोणाच्या तरी मुंजीत आहेर करून टाकलं. "कपाटात ठेवलेली वस्तू आपली नसते, कपाटाची असते," हे मी मावशींच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे.

संग्रहाची यादी मात्र मी केली. माझ्या नीटनेटकेपणामुळे त्या मला हेडबाई म्हणत. यादीत 'दोष' असा रकाना होता आणि त्यात मी प्रत्येक किटापुढे इमानाने लिहिलं होतं: काळा डाग.

गेल्या वर्षी मावशींनी लेकीकडे टेक्ससला जायचं ठरवलं. तिथे खोक्यांना जागा नव्हती. वाचनालयाने प्रदर्शनासाठी घेतली तर ठीक, नाहीतर सगळी पुन्हा गराज सेलमध्ये जाणार होती. निवड करायला वाचनालयाने एका जुन्या संग्राहकाला बोलावलं. ते येण्याआधी मी म्हटलं, "मावशी, तीट असलेली बाजू भिंतीकडे करू या का?"

"अगं हेडबाई, बाळाचं तोंड भिंतीकडे करतेस होय?"

ते गृहस्थ आले, उंच आणि गंभीर. चार खोकी पाहून म्हणाले, "सगळी उघडलेली. वर हे डाग. काचेच्या कपाटात ठेवण्यासारखी नाहीत."

माझा चेहरा उतरला. मावशींनी एक छोटी दातेरी चौकट आणि कापडी वेढ्यांची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. गरम भांडं धरायचा चौकोन विणायचं ते किट होतं. "सर, सिट. फाइव्ह मिनिट्स."

ते नाइलाजाने बसले. एक वेढा वरून, एक खालून. पाच मिनिटांची पंचवीस झाली. "आजीसाठी केला होता मी एक," ते चौकटीकडे पाहतच म्हणाले. चौकोन पुरा झाला तशी मावशींनी काजळाची डबी उघडली आणि त्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "नाऊ नोबडी कॅन लुक बॅडली."

ते मोठ्याने हसले आणि ग्रंथपालबाईंकडे वळले. "कपाटं नकोत. टेबलं लावा. मोठी."

प्रदर्शनाच्या पहिल्याच शनिवारी खुर्च्या कमी पडल्या. मुलं जमिनीवर बसून विणत होती, त्यांचे आजोबा विमानांना पंख चिकटवत होते आणि मावशी काजळाची डबी घेऊन नवरीसारख्या मिरवत होत्या. महिन्याभराचं प्रदर्शन उन्हाळाभर चाललं आणि मग वाचनालयाने सगळा संग्रहच ठेवून घेतला. त्या संध्याकाळी मी यादीतला 'दोष' हा शब्द खोडला आणि त्या जागी 'तीट' लिहिलं.

निघताना मावशींनी एक खोकं माझ्या हातात दिलं. तेवढं एकच त्यांनी उघडलं नव्हतं, तीट मात्र लावली होती. "फार उशिरा सापडलं गं. आता सुईत दोरा ओवता येत नाही. तुझ्या नातवंडांना पाठव. आणि बजाव, कपाटात ठेवू नका."

त्यांचा टेक्ससहून दर रविवारी फोन येतो. बेचाळीस किटं वाचनालयात, मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर आहेत. त्रेचाळिसावं तुमच्याकडे आहे. त्यात कापडावर छापलेला एक पोपट आहे, अजून पांढरा.