एकदाच वापरायचे कान

माझा मामा घरातही माईक तपासल्यासारखा बोलतो. "हॅलो, मीठ. मीठ इकडे." तीस वर्षं त्याने लग्नांना आणि सभांना माईक-स्पीकर भाड्याने दिले. वक्ता कितीही पुटपुटला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे, हे त्याचं वेड. नाही गेला तर मामाला घास गिळवत नाही.

मी पहिला सिनेमा काढला, तेव्हा आवाजावरून शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. त्याला मास्टरिंग म्हणतात: संवाद, संगीत, गोंगाट सगळं थिएटरला मानवेल असं जुळवायचं. मोठ्या स्टुडिओने सांगितलेल्या आकड्यात माझा आणखी एक सिनेमा झाला असता. एक वेबसाइट हेच काम दहा मिनिटांत करून द्यायची. तिने कुजबुज आणि ट्रकचा हॉर्न एकाच पट्टीत बसवले. नायिका लाडात आलीय की भांडतेय, काही कळेना. उरला मामा. तो दोन महिने व्हिडिओ बघून हे शिकला होता आणि मी कधी विचारते याचीच वाट बघत होता.

माझा सगळा जीव शेवटच्या प्रसंगात होता. रुसून गेलेल्या मुलाचा कित्येक वर्षांनी फोन येतो आणि आई अगदी हळू विचारते, "जेवलास का?" बस. तेवढं ऐकू आलं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

मामाने बेडरूमच्या भिंतींना गाद्या लावल्या आणि मामीला पडद्याकडे पाठ करून बसवलं. शब्द कळला नाही की हात वर करायचा. पहिल्या दिवशी एकतीस हात. चौथ्या दिवशी सहा. नवव्या दिवशी एकही नाही! मामाने आनंदाने पलंगावर उडी घेतली. गाद्या भिंतीवर आहेत हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी पहिल्या खेळाला दीडशे माणसं येणार होती. सकाळी आम्ही तिघं थिएटरात चाचणीला गेलो. दहाव्या मिनिटाला ऑपरेटरने विचारलं, "काय म्हणाली ती?" मग पुन्हा. मग पुन्हा. शेवटी म्हणाला, "संपला? ती आई काही बोलली का?"

मामाने मामीकडे बघितलं.

"अहो, मला सगळं पाठ झालंय," मामी म्हणाली. "तिने तोंड उघडायच्या आधीच मला ऐकू येतं. हात कशाला वर करू?"

मामा खुर्चीत बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "मलाही पाठ झालंय की गं," तो म्हणाला. "नवे कान पाहिजेत."

आणि तो निघाला कान गोळा करायला. तिकीटवाल्या बाई आल्या, झाडूवाले दोघे आले, पाण्याच्या बाटल्या पोचवणारा आला. सगळ्यांना पडद्याकडे पाठ करून बसवलं. मामा मांडीवर लॅपटॉप घेऊन संगीत उतरवत होता, रस्त्याचा गोंगाट मागे सारत होता, आईचा आवाज केसाएवढा वर आणत होता. सिनेमा थांबवला की बाटल्यांवाला चिडायचा, "पुढे काय झालं ते सांगा आधी." पण एकदा ऐकलेले कान बाद, हा मामाचा नवा नियम. दुपारी त्याने शेजारच्या न्हाव्याला उचललं, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट. पाच वाजता त्या दोघांचा एकही हात वर गेला नाही. माझा मात्र जीव टांगणीलाच होता.

संध्याकाळी थिएटर भरलं. मामा शेवटच्या रांगेत दाराजवळ उभा राहिला; बसायला तयार होईना. शेवटचा प्रसंग आला.

"जेवलास का?" आईने हळूच विचारलं.

"हो, जेवलो गं," शेवटच्या रांगेतले एक पिकल्या केसांचे गृहस्थ मोठ्याने म्हणून गेले. ते स्वतःच दचकले. कोणी हसलं नाही. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलंही नाही.

दार धाडकन वाजलं. मामा बाहेर पळाला होता. माझ्या शेजारी मामीचा फोन थरथरला. तिने तो कानाला लावला.

"अगं, ऐकू गेलं," मामा ओरडत होता. "मागच्या माणसाला ऐकू गेलं!"

"अहो, मी आतच आहे," मामी डोळे पुसत म्हणाली. "या ना, बसा आता जरा."