हवेत फिरणारा हात

आमच्या खोलीत कुणी आलेख बघायला बसलं की त्याचा हात आपोआप हवेत उठतो आणि मनगट सावकाश फिरू लागतं. सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांच्या वाऱ्यात आमचं यान चुंबकीय क्षेत्राची दिशा मोजत असतं. या वाऱ्यात मधूनच चुंबकीय क्षेत्राचा दोरीसारखा पीळ येतो. यान त्यातून आरपार जाताना दिशा हळूहळू वळते, आणि ते वळण बघताना आमचं मनगटही वळतं. मग आम्ही आलेखावर तिथे खूण करतो.

अशा खुणा दाखवून दाखवून आमच्या गटातल्या मेधाने संगणकाला पीळ ओळखायला शिकवलं. आज सकाळी त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या खुणा केल्या. त्यातली एक चक्क सपाट रेषेवर होती.

"हे चुकलंय, मेधा. इथे काहीच नाही."

"मोठं करून बघा ना, सर."

तिने तो चिमूटभर तुकडा पडदाभर पसरला. आम्ही शोधायचो ते तासन्‌तास चालणारे पीळ. हा तर काही मिनिटांचा होता. खरंच असेल का? मग असे किती पीळ यानाला शिवून गेले असतील आणि आम्ही ते नुसतं रेषेचं थरथरणं समजून पुढे सरकलो असू! तरी तोंडाने मी म्हणतच होतो, "नाही गं, अजून खात्री नाही."

मेधा पडद्याकडे बघतच नव्हती. ती हसत म्हणाली, "सर, तुमचा हात बघा."