फक्कीची खोली

ते भांडण मी रोलरच्या शेडमागे बसून ऐकलं. मांडीवर धाकटीचा जेवणाचा डबा होता. नेहमीसारखी ती तो घरी विसरून गेली होती आणि नेहमीसारखी मी तो घेऊन आले होते. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर कॉलेजच्या मैदानावर कामाला होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी ती लागली. मैदानाला पाणी मारायचं, रोलर ओढायचा, जाळ्या बांधायच्या आणि सामन्याआधी चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं रेषा आखायच्या. घरी तिनं चादरीची घडी कधी सरळ घातली नाही, पण सगळं कॉलेज तिला फक्कीमावशी म्हणायचं.

शेडच्या पुढं तीन मोठी माणसं उभी होती. खेळासाठी नवा हॉल बांधायचं ठरलं होतं. कुठं बांधायचा, तेवढंच ठरत नव्हतं. संस्थेचे अध्यक्षसाहेब म्हणत होते, रस्त्याला लागून बांधा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरला पाहिजे. प्राचार्य म्हणत होते, तिथं आमच्या गाड्या लागतात, त्या काय गच्चीवर लावायच्या? आणि खेळाचे सर म्हणत होते, कुठंही बांधा पण बांधा, माझी पोरं चिखलात खेळतात, चेंडू वर जातो आणि पोरं खाली. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. आवाज चढत गेले. तेवढ्यात रोलरची दांडी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि धाकटीनं विचारलं, "आणि मुलींना कपडे बदलायला खोली?"

कुणीतरी खाकरलं.

"ते नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले. हो हो, नंतर बघू, असं प्राचार्य म्हणाले. खेळाच्या सरांनीही हुंकार दिला. इतका वेळ कशावरच न जमलेली तीन माणसं त्या एका शब्दावर कशी झटकन एक झाली.

धाकटी मागं आली, माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाली, "ऐकलंस ना ताई? नंतर बघू म्हणालेत. तू साक्षीला आहेस."

मी म्हटलं, अगं बाई, नंतर हा काय वार आहे, की आठवड्यातून एकदा तरी येईल?

येईल, म्हणाली, आणि जेवायला बसली.

तिला त्या खोलीचा एवढा ध्यास का, ते सांगते. मुलगे मैदानाच्या कडेला, झाडाआड, कुठंही कपडे बदलायचे. मुली रोलरच्या शेडमध्ये जायच्या. आत चुन्याची पोती, फाटक्या जाळ्या, त्यांवर कोळ्यांची जाळी, आणि दार म्हणजे नुसता एक पत्रा. त्याला ना कडी ना कोयंडा. म्हणून मुली आत गेल्या की धाकटी बाहेरून पत्र्याला पाठ लावून उभी राहायची. कडीही तीच आणि कोयंडाही तीच. प्राचार्य हाका मारोत, नळ वाहून जावो, शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत बाई जागची हलायची नाही.

एकदा दुसऱ्या कॉलेजशी सामना होता. मैदानाभोवती ही गर्दी. आणि वारा सुटला. पत्रा वरून उचकटला, फडाफडा वाजायला लागला. धाकटीनं तो हातांनी, खांद्यानं, डोक्यानं दाबून धरला. तळहात चिरला, पण सोडला नाही. आत मुली एकमेकींना बिलगून उभ्या. कुणाला काही दिसलं नाही, पण बाहेरची पोरं हसली, ते आत ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली खेळायला आल्याच नाहीत. त्यांत नुकतीच अकरावीला आलेली माझी नातही होती. उंच पोर, चेंडू असा हाणायची की समोरच्यानं आधी बाजूला व्हावं आणि मग विचार करावा. घरी येऊन म्हणाली, आजी, मी खेळ सोडला. सूनबाई म्हणाली, बरं झालं, आता अभ्यासाला लाग. हाताला पट्टी बांधलेली धाकटी समोरच बसली होती. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला चांगलं ठाऊक आहे. दूध उतू जायच्या आधी असंच गप्प असतं.

त्याच सुमाराला बांधकामाची कमिटी जागा बघायला येणार होती. प्राचार्यांनी धाकटीला सांगितलं, हॉल कुठं येणार ते जमिनीवर जरा आखून ठेवा. तिनं फक्कीचा डबा उचलला आणि मैदानाच्या टोकाला अख्खा हॉल काढला. चार भिंती, पुढं दाराची जागा मोकळी. मागच्या कोपऱ्यात एक खोली, तिला वेगळं दार, आणि त्या दाराशी आतल्या अंगाला एक आडवी छोटी रेघ. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, कडी.

कमिटी आली, बिस्किटं खाऊन गेली, आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. पण धाकटीनं हॉल काही पुसला नाही. रोज सकाळी बाकीच्या रेषांबरोबर हॉलही ताजा करायची. मधे जाळी बांधली, आणि पोरं "हॉलमध्ये" खेळायला लागली. मग तिनं कायदा काढला, आत यायचं ते दारातूनच. कुणी रेघ ओलांडली की मैदानाच्या पलीकडून हाक यायची, "भिंतीतून काय येतोस रे, भूत आहेस का?" पोरं हसायची, मागं फिरायची आणि दारातून यायची. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. चेंडू बाहेर गेला तरी दारातून बाहेर आणि दारातून आत. एकदा प्राचार्य घाईघाईनं रेघेपर्यंत आले, थबकले, कुणी बघतंय का ते बघितलं आणि वळसा घालून दारातून आले. कुणी म्हणजे मी, मी बघत होते.

कोपऱ्यातल्या खोलीत तर मुलगे पाऊलही टाकायचे नाहीत. चेंडू तिथं गेला तर दाराबाहेर उभे राहून, द्या ना गं, म्हणायचे. मुली तिथं पिशव्या ठेवायच्या, पाय पसरून बसायच्या, खुसुखुसु हसायच्या. कपडे बदलायला अजून ते पत्र्याचं शेडच होतं, पण टेकायला हक्काची जागा झाली. गेलेल्या मुली एकेक करून परत यायला लागल्या. एक दिवस माझी नात आईच्या नकळत पिशवीत बूट कोंबताना दिसली. मी आपली भाजी निवडत राहिले.

खरा हॉल मात्र कागदावरच कूस बदलत होता. अध्यक्षांनी तो रस्त्याकडं ओढला, प्राचार्यांनी मागं ढकलला. मग शेजारच्या इमारतीतले लोक उजेड अडतो म्हणून कोर्टात गेले आणि स्टे घेऊन आले. तो उठतोय तोवर विज्ञानवाले म्हणाले, आम्हाला प्रयोगशाळा नाही आणि घाम गाळायला हॉल कशाला? कोनशिला बसवली एकीकडं आणि हॉल सरकला दुसरीकडं. त्या कोनशिलेवर पाय ठेवून पोरं बुटांच्या नाड्या बांधायची. प्रत्येक वेळी धाकटीला निरोप यायचा, जागा बदलली, नवीन आखा. ती आखायची, सांगतील तिथं आणि सांगतील तेवढा. कागदावर खोली कधी असायची, कधी नसायची. एकदा म्हणे तिथं अध्यक्षांचं ऑफिस होतं. पण मांजर घर बदलताना पिल्लू तोंडात धरून नेतं ना, तशी धाकटी ती खोली प्रत्येक जागी घेऊन जायची. मागचा कोपरा, वेगळं दार, आतून कडी.

मी म्हणायचे, चुन्यात किती जीव अडकवशील? त्यावर ती हात झटकायची, आणि सगळा चुना माझ्या अंगावर.

आणि मग एका संध्याकाळी नात धापा टाकत घरी आली. "आजी, उद्या खणणार!"

सगळं जुळलं होतं. कोर्ट झालं, विज्ञानवाल्यांची समजूत पटली, ठेकेदार नेमला. इंजिनिअरनं खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि जाताना धाकटीला सांगितलं, मावशी, सकाळी सुतळीवरून फक्की मारून ठेवा, मशीन फक्कीवरून खणेल. त्याचा नकाशा अगदी नवा होता. त्यात खोली नव्हती. तिच्या जागी करंडक ठेवायला काचेची कपाटं होती. हे धाकटीला कुणी सांगितलं नाही. मैदानावरच्या बाईला नकाशा दाखवायची रीत कुठं होती?

उजाडताच तिनं हॉल आखला आणि हात फिरला तशी कोपऱ्यात खोलीही आखली, रोजच्यासारखी. खुंट्या उपटल्या, सुतळी गुंडाळली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली, कारण सामान उघड्यावर पडलेलं तिला चालत नाही. मशीनबरोबर मुकादम आला तो याच कॉलेजात शिकलेला, याच फक्कीच्या हॉलमध्ये खेळलेला. त्याला कशातच वावगं दिसलं नाही. खोली तर तिथं होतीच की!

काय सांगू त्या सकाळचा थाट! मशीन घरघरलं आणि अख्खं कॉलेज व्हरांड्यात येऊन उभं राहिलं. मास्तर वर्ग सोडून आले, कारकून पेन कानाला लावून आले. मी डबा घेऊन आले होते, ती तशीच उभी. मातीचा पहिला घास उचलला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. दाराची जागा आली की मुकादम हात वर करायचा, मशीन तेवढी माती सोडायचं आणि पुढून खणायचं. हॉलचं दार सोडलं, खोलीचं दार सोडलं. डबा द्यायचा आहे हेच मी विसरले.

दुपारी इंजिनिअर आला. त्यानं नकाशा बघितला, चर बघितले. नकाशा उलटा करून बघितला. मग फोन लावला. थोड्या वेळात अध्यक्षांची गाडी आली आणि मागोमाग प्राचार्य पळत आले.

अध्यक्ष तावातावानं निघाले, पण चारी बाजूंनी चर, आत जायला वाट एकच. आले बापडे दारातून. तसेच कोपऱ्याकडं गेले. मुली त्या वेळी रोज तिथं बसायच्या, तशा आजही बसल्या होत्या, फक्त भोवती फक्कीऐवजी कमरेएवढा चर होता. माझी नात सगळ्यांत पुढं. अध्यक्ष खोलीच्या दाराशी पोचले. पाय उचलला. आणि कुणास ठाऊक काय झालं, तो त्यांनी परत खाली ठेवला.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

नात उठून उभी राहिली. "नाही साहेब. ही मुलींची खोली आहे."

आधी मुकादम हसला. मग व्हरांडा हसला. मग हसण्याची अशी लाट आली की मशीनवालासुद्धा खाली उतरून काय झालं ते विचारायला लागला. अध्यक्षांचे कान लाल झाले. धाकटीकडं वळून म्हणाले, ही खोली काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?

"नको असंही कुणी सांगितलं नव्हतं, साहेब," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात नंतर बघू. मला वाटलं, नंतर आलं."

"मी साक्षीला आहे," मी चराच्या पलीकडून म्हटलं. डबा हातात होताच.

इंजिनिअर म्हणाला, बुजवून टाकू. मुकादम डोकं खाजवत म्हणाला, मशीनला आता दुसऱ्या साइटवर जायचंय, ते परत येईपर्यंत काम थांबेल. थांबेल हा शब्द ऐकला मात्र, प्राचार्यांनी डोळे मिटले आणि खेळाच्या सरांनी डोक्याला हात लावला. अध्यक्षांना तर उद्घाटन आपल्याच कारकिर्दीत हवं होतं. त्यांनी चर बघितले, मुली बघितल्या, व्हरांडा बघितला. शेवटी म्हणाले, "मग करंडक कुठं ठेवायचे?"

"साहेब," खेळाचे सर म्हणाले, "आधी जिंकू तर द्या."

खोली राहिली. तिच्यावर भिंती चढल्या, छप्पर आलं, खुंट्या आल्या, बाक आला. कडी बसवली त्या दिवशी धाकटीनं ती इतक्यांदा लावली आणि काढली की सुतार म्हणाला, मावशी, आजच झिजवणार का? उद्घाटनाच्या सामन्यात नात खेळली. सूनबाई पहिल्या रांगेत बसून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती.

धाकटीच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला तेव्हा नात शेवटच्या वर्षाला होती. निरोपाचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये ठेवला होता, आणि त्यानंतर तिच्या मानाचा एक सामना. खुर्च्या भरल्या, अध्यक्ष येऊन बसले, माइक दोनदा कुंईऽऽ करून झाला, आणि बाईचा पत्ता नाही. प्राचार्यांनी मला धाडलं.

ती मागच्या बोळात उभी होती, मुलींच्या खोलीच्या दाराला पाठ लावून. एका हातात फक्कीचा डबा, पायाशी जेवणाचा. आत मुली कपडे बदलत होत्या.

"अगं, आता आतून कडी आहे ना?" मी विचारलं.

"आहे की."

"मग चल. सगळे खोळंबलेत."

"येते," म्हणाली, पण हलली नाही. मीही शेजारी भिंतीला टेकले. आतून पाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. एकेक मुलगी बाहेर येत गेली. शेवटी केस बांधत नात आली. मग धाकटीनं आत डोकावून पाहिलं, टपकणारा नळ घट्ट केला, दार ओढून घेतलं आणि हॉलकडं चालायला लागली.

जेवणाचा डबा तिथंच दाराशी राहिला होता. मी मागं फिरून तो घेऊन आले.