लंगडणारा ठोका

“मॅडम का आखरी बोर्ड है, अब उसको कोई हात नक्को लगाओ. जैसा है वैसाच भेजेंगे.”

मालूआत्याच्या तेराव्याला, काचीगुड्यातल्या तिच्या घराच्या दारात चपला घालताना आमच्या कारखान्याचे साहेब हे कुणाला तरी सांगत होते. मी आत ताटं पुसत होते. ऐकणाऱ्यांच्या माना आदराने हलल्या आणि मला आत्याचाच राग आला. जिवंत होती तेव्हा या बाईशी वाद घालणं कठीण होतं; आता तर तिने ते अशक्यच करून ठेवलं.

मालूआत्या वडिलांची बहीण आणि नारायणगुड्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात माझी वरिष्ठ. आम्ही टेलिफोन एक्स्चेंजसाठी सर्किट बोर्ड बनवतो. परवान्याची कटकट संपून आबिड्सच्या एजंटकडे परदेशी चिपा मिळू लागल्या तेव्हा सगळे हरखले. आत्या मात्र एकेक चिप वांगं निवडावं तशी संशयाने उलटीपालटी करायची. मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. ती सगळ्यांसमोर म्हणायची, “अगं, बोल की! तोंडात काय खुबानीची बी धरलीस?” मग तर काही सुचायचंच नाही.

क्लॉक बफर तिनेच शिकवला. बोर्डावर सगळ्यांची लय राखणारा विजेचा ठोका, म्हणजे क्लॉक, एकच असतो. बफर त्याच्या प्रती काढून सगळ्या चिपांना वाटतो. “शाळेतली कवायत आठव. ढोल एक, पोरं पन्नास. कुणाचा पाय उशिरा पडला की तो स्क्यू.” या स्क्यूचा तिने असा ध्यास घेतला होता की सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या व्हाव्यात म्हणून ती बोर्डावर नागमोडी रेघा काढायची. मोजण्याआधी, ठोका पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपचे दोन्ही प्रोब, म्हणजे टेकवायच्या तारा, एकाच पिनेवर लावून तिला दाखवावे लागत, कारण केबलच लांबआखूड असेल तर नसलेला फरक दिसतो. बरोबरच होतं ते. पण चहा पिऊन आलं तरी पुन्हा? हात धुऊन आलं तरी पुन्हा?

तिच्या शेवटच्या बोर्डात सगळ्यांचे पाय एकदम पडत होते. पण सगळेच लंगडत होते... ठोका अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली असावा लागतो. ही वाटणी म्हणजे ड्यूटी सायकल. आत्याने बफर एकामागून एक जोडले होते आणि प्रत्येक जण वरच्या भागाचा किंचित लचका तोडत होता. साखळीच्या टोकाला तो भाग अगदीच तोकडा उरायचा. तिथली चिप ठोका चढला की काम सुरू करते आणि उतरला की ते झालं असं धरून चालते. बोर्ड तापला की उतार आणखी लवकर यायचा, आणि चाचणीत फोनवरचं चालू बोलणं तुटायचं. उलट करणारे, म्हणजे वरचं खाली आणि खालचं वर करणारे बफर घातले असते तर एकाने खाल्लेलं पुढच्याने परत दिलं असतं.

एका शुक्रवारी मी तिला हे सांगितलं.

“सगळं वेळेवर पोचतंय ना? मग?”

“पोचतंय गं आत्या, पण उतरतंय लवकर.”

“हौ, हौ. प्रोब बदलून परत घे. सोमवारी बघू.”

मी प्रोब बदलले, परत मोजलं. तेच आलं. रविवारी सकाळी तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला... झोपेतच गेली. जिला कसलीच घाई नसायची, तिने नेमकी इथे घाई केली.

तेराव्यानंतर मी कामावर गेले तर टेबलावर तो बोर्ड, त्याला कुंकू आणि वर झेंडूचा हार. ओला! सर्किटवर ओला हार बघून आत्याने पहिल्यांदा साहेबांनाच फैलावर घेतलं असतं. बाजूला बोर्ड पाठवायचं खोकं उघडं होतं, साहेब तिच्याबद्दल चार शब्द बोलत होते, कुणी डोळे पुसत होतं. माझेही भरून आले होते, पण रागाने. तिचं नाव घेऊन तिच्याच कामाचं वाटोळं होत होतं, आणि उलटून बोलणारी एकटी ती, तीच नव्हती. मी पुढे होऊन हार काढला. आणि चारचौघांत पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“सर, ये बोर्ड गलत है. मॅडम गुजर गये बोलके सही नहीं होता.”