फीबीची चार वर्षं

नॅन्टकेट बेटावरच्या बायका म्हणत, लग्न माणसाशी होतं, नांदायचं मात्र खुंटीवरच्या कोटाशी. पुरुष देवमाशांच्या शिकारीला समुद्रावर गेले की वर्ष-दोन वर्षं तोंड दिसत नसे. म्हणून तर एव्हिस पिंकहॅमने लग्न झाल्या झाल्या रोजनिशी लिहायला घेतली. नवरा, शुबेल, परतला की वाचून दाखवायची, म्हणजे स्वतःच्याच घरात तो परका राहणार नाही.

पहिल्या खेपेनंतर त्याने हौसेने ऐकलं. शेजारच्या जुडिथचं डुक्कर प्रार्थनाघरात शिरलं त्या पानावर तर पोट धरधरून हसला. दुसऱ्या खेपेला ऐकता ऐकता घोरू लागला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "पुरे गं. वारा, पाव, कोण बाळंत झाली, कोण मेलं. काय ऐकायचं त्यात?"

एव्हिसने वही मिटली. लिहिणं मात्र सुटलं नाही.

मग इंग्रजांशी लढाई पेटली. शुबेलचं जहाज त्यांनी धरलं, त्याला कैदेत टाकलं. घरी लेक फीबी तान्ही. तिचा पहिला दात, पहिलं पाऊल, मेंढीला तिने 'आजी' म्हणणं, सगळं एव्हिसने लिहून ठेवलं. फीबीच्या चौथ्या हिवाळ्यात बंदर गोठलं. पलीकडच्या किनाऱ्यावरून ना पीठ येई, ना लाकूड. एव्हिसने खुर्च्या जाळल्या, पाळणाही जाळला. तरी पोरीचा घसा सुजला तो सुजलाच. त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे: 'वारा ईशान्येचा. फीबी गेली.'

लढाई संपली आणि शुबेल परतला, नुसता हाडांचा सापळा. पोर कशी गेली, त्याने विचारलं. एव्हिसला बोलवेना. तिने ते पान पुढे केलं.

"एवढंच?" तो ओरडला. "माझी पोर गेली, आणि तू वारा कुठला ते लिहिलंस?"

"बोटं वळत नव्हती, शुबेल."

"बोटं नव्हेत, काळीज गोठलंय तुझं."

घरात म्हणाला असता तर तिने गिळलं असतं. तो धक्क्यावर बोलला, पिठाच्या चक्कीवर बोलला. प्रार्थनेच्या बाकावर बायका तिच्याशेजारी जागा सोडून बसू लागल्या. फीबीला शेवटची आंघोळ घालताना जुडिथ तिथे होती. एव्हिसचा टाहो तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तिनेही तोंड उघडलं नाही. कुणाच्या जन्माची तारीख अडली की मात्र ह्याच बाया मागच्या दाराशी हजर. "एव्हिस, बघ की गं तुझ्या वहीत!" एव्हिस बघून सांगायची. आत ये, म्हणायची नाही.

म्हातारपणी शुबेलचे डोळे गेले. चुलीशी बसून असायचा. एका दुपारी म्हणाला, "फीबीचं वाच ना. मला तिचं तोंडसुद्धा आठवत नाही."

"डोळे होते तेव्हा एकच पान वाचलंस," एव्हिस म्हणाली. "ते पुरे."

त्याने जुडिथला निरोप धाडला, तू तरी वाचून दाखव. जुडिथ आली. एव्हिस दारातून हलली नाही.

"वही कशाला हवी, जुडिथ? तू तर तिथेच होतीस. तूच सांग त्याला."

जुडिथने शाल सावरली आणि आल्या पावली परत गेली. आतून शुबेल विचारत राहिला, "कोण आलं होतं गं?"

"कोणी नाही."

वसंतात तो गेला. त्याला पुरून आल्यावर एव्हिसने फीबीच्या वर्षांची वही काढली आणि मोठ्याने वाचायला घेतली. मेंढीच्या पानापर्यंत आली आणि थांबली. ऐकायला घरात कोणी नव्हतं.