शून्य ते शंभर

एका गोष्टीवरून मी वर्गात फार चिडतो. वर्तमानपत्रातला एखादा स्तंभालेख कापून आणतो, उभा अक्ष शून्याऐवजी भलत्याच आकड्यापासून सुरू केलेला दाखवतो आणि म्हणतो, "बघा रे, राईचा पर्वत असा करतात!" नाशिकच्या शाळेत गणित शिकवता शिकवता केस पिकले, पण हा राग काही उतरला नाही.

मागच्या वर्षी बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं. दर रविवारी वजन लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टर म्हणाले होते. वहीत मी लिहीत गेलो. अठ्ठावन्न, सत्तावन्न, साडेपंचावन्न, त्रेपन्न. चौथ्या रविवारी आकडा लिहून मी वही पटकन मिटली.

त्याच दुपारी मी आलेख काढून फ्रिजवर चिकटवला. उभा अक्ष शून्य ते शंभर किलो. रेघ जवळजवळ आडवी आली. "बघ, फारसा फरक नाही," मी म्हणालो. नियमाने कुणी माझा अर्धा मार्कही कापू शकलं नसतं.

ती दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. आत गेली आणि माहेरून आणलेली, भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी घेऊन आली. द्राक्षाच्या मण्यांची जाडी मोजायची. रागावली की तिची माहेरची बोली परत येते.

"सोळा मिलिमीटरचा मणी आन् अठराचा, तुमच्या या कागदावर सारखेच दिसतील. पण तेवढ्यासाठी आमचा माल परत येतो. आन् ब्लाउजला मी तिसऱ्यांदा टीप मारलीय. ती कुठं दिसती यात?"

मी नवा कागद घेतला. या वेळी अक्ष पन्नास ते साठ. चार ठिपके जोडले तशी रेघ धाडकन खाली आली. पेन्सिल ठेवून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

तिने चष्मा लावून कागद नीट पाहिला. आता ही रडणार, असं मला वाटलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्याच जाऊ डॉक्टरांकडं. दोन महिने नाय थांबायचं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "एवढं सगळं एकटेच बघत बसला होता व्हय?"

रडू मलाच आलं, आणि ते मी लपवलं नाही.